मोटारशर्यतीतल्या अपघातांच्या बातम्या सगळ्या एकाच साच्यातल्या का असतात?

पुण्यातल्या एका दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर मी बरीच वर्षं रात्रपाळी केली, म्हणून आतलं सांगतो. वर्षभर मोटारशर्यतीला जागा नसते. गाडी पेटली की मात्र चार कॉलमी फोटो! शर्यत कळणारा कुणी हाताशी नसतो, एजन्सीची कॉपी असते आणि पान सोडायची घाई. मग ड्रायव्हर गेला तर 'काळाचा घाला', वाचला तर 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती'. एकदा काळावर ढकललं की कारण शोधायला नको.

मला तर वाचल्याची बातमी जास्त खटकते. २९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनमधल्या फॉर्म्युला वन शर्यतीत ड्रायव्हर रोमाँ ग्रोजाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, दुभंगली, पेटली. अर्ध्या मिनिटाच्या आत तो स्वतः बाहेर आला. लगेच 'चमत्कार'! अहो, डोक्याभोवतीची 'हॅलो' ही टायटॅनियमची कमान २०१८ पासून सक्तीची होती (आधी तिला खुद्द ग्रोजाँचाच विरोध होता, ही खरी बातमी). पहिल्या फेरीत डॉक्टरांची गाडी मागोमाग धावते, तीही होतीच. आणि कठडा फाटलाच कसा? इथे तर चाकण-भोसरीत गाड्या बनतात, वेताळ टेकडीवर गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था आहे. समजावून सांगणारा इंजिनिअर एका फोनवर मिळतो. फोन कुणी करत नाही.

टीव्हीचं वेगळं. ग्रोजाँ सुखरूप आहे हे कळल्यावर तीच दृश्यं इतक्यांदा दाखवली की त्याच शर्यतीतला ड्रायव्हर डॅनियल रिकार्डो जाहीरपणे भडकला. बाकीच्यांना थोड्या वेळात पुन्हा त्याच ट्रॅकवर उतरायचं होतं.

खरा आळस दिसतो तो नंतर. ५ ऑक्टोबर २०१४ ला जपानमधल्या सुझुकाच्या ट्रॅकवर पावसात फॉर्म्युला वन ड्रायव्हर ज्यूल बियांकीची गाडी, दुसरी गाडी उचलायला आलेल्या क्रेनवर आदळली. डिसेंबरमध्ये मोटारशर्यतींची जागतिक नियामक संस्था एफआयएच्या समितीचा ३९६ पानी अहवाल आला: दुहेरी पिवळे झेंडे (पुढे धोका, वेग खूप कमी करा) असताना त्याने वेग पुरेसा कमी केला नाही. यावर भांडायला भरपूर वाव होता. क्रेन आत असताना सेफ्टी कार (सगळ्यांना आपल्यामागे हळू चालवायला लावणारी गाडी) का नव्हती? २०१५ पासून व्हर्च्युअल सेफ्टी कार (ही गाडी न आणताच सगळ्यांना ठरावीक वेगापेक्षा हळू चालवायला लावणारी पद्धत) आली ती याच अपघातामुळे. पण अहवालाला फोटो नसतो, म्हणून जागाही नसते. जुलै २०१५ मध्ये बियांकी गेला, तेव्हा मात्र तोच क्रेनचा फोटो पुन्हा निघाला.

तुम्हाला काही करायचंच असेल, तर त्या रात्री पेपरला शिव्या घालू नका. तीन महिन्यांनी 'चौकशीचं काय झालं?' असं संपादकांना पत्र टाका. वाचकांच्या पत्रांना डेस्क अजून घाबरतं, पुण्यात तर जरा जास्तच.