राजीनाम्याची घाई नको, नऊ महिने थांबा

नाशिकच्या पाथर्डी फाट्याहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय ३३, अंबड एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या क्वालिटी विभागात सव्वाचार वर्षं, हातात ४२ हजार, फ्लॅटचा हप्ता १६,५००. एफडीत ३ लाख, पीएफमध्ये २ लाख. नोकरी सोडून हे दोन्ही मोडायचं आणि पुण्यात राहून डेटा अॅनालिटिक्सचा, म्हणजे आकडेवारी तपासून त्यातून निष्कर्ष काढण्याचा, सहा महिन्यांचा कोर्स करायचा का, असं तुम्ही विचारलंय.

क्षेत्र जरूर बदला. राजीनामा मात्र आत्ता देऊ नका.

तुम्ही फक्त १,८०,००० रुपये फीचा हिशेब मांडलाय. खरा मोठा खर्च बंद पडणाऱ्या पगाराचा आहे. तुमच्याच आकड्यांनुसार हप्ता धरून घरखर्च ३८ हजार. वहिनींच्या शिकवण्यांचे ८ हजार वजा केले तरी महिन्याला ३० हजार कुठून तरी काढावे लागणार. कोर्सचे सहा महिने आणि नोकरी शोधण्यात जाणारे निदान सहा, म्हणजे ३,६०,०००. पुण्यातली खोली आणि मेस महिना १२ हजार धरली तर ७२,०००. बेरीज होते ६,१२,०००. सगळं मोडूनही १,१२,००० कमीच पडतात, आणि तोवर घरात अडीनडीला एक रुपया उरलेला नसेल.

शिवाय पाच वर्षं पुरी व्हायला तुम्हाला नऊच महिने उरलेत. ग्रॅच्युइटी पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर मिळते. बेसिक अधिक डीए २०,८०० आहे. दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार मिळतो आणि महिना कामाच्या २६ दिवसांचा धरतात. म्हणून २०,८०० ला २६ ने भागून १५ दिवसांचे होतात १२,०००, पाच वर्षांचे ६०,०००. आज सोडलीत तर या पैशावर पाणी सोडावं लागेल. पीएफचंही तसंच. आधीच्या कंपनीचा पीएफ तुम्ही काढून घेतलात, त्यामुळे मोजणी नव्याने सुरू झाली. पाच वर्षांच्या आत रक्कम काढली तर ती करपात्र धरतात आणि ५० हजारांपेक्षा जास्त असेल तर तिच्यावर १० टक्के टीडीएस कापतात.

मग हे नऊ महिने काय करायचं? पत्रात एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीय, मला तीच सगळ्यात मोलाची वाटली. रोजच्या रिजेक्शन रिपोर्टला दोन तास लागायचे, तुम्ही एक्सेलमध्ये तेच काम आपोआप करणारा मॅक्रो लिहिलात आणि आता तो दहा मिनिटांत होतो. अहो, हेच तर ते काम! फ्रेशर म्हणून रांगेत उभे राहिलात तर बावीस वर्षांच्या मुलांशी गाठ आहे. पण कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला माल का रिजेक्ट होतो हे ज्याला कळतं आणि डेटाबेसमधून माहिती काढायची एसक्यूएल भाषा, आकड्यांचे तक्ते-आलेख करणारं पॉवर बीआयही येतं, अशी माणसं थोडी असतात. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे पायथन आणि डेटाबेसचे कोर्स फुकट आहेत. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी, तीही हजाराच्या घरात. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळचे दोन तास काढा. तिसऱ्या महिन्यात कंटाळलात, तर तेवढ्यावर कळेल. १,८०,००० भरून कळायला नको.

त्यानंतरही कोर्स हवासा वाटला तर शनिवार-रविवारची बॅच बघा. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ची अट करारात कशी लिहिलीय ते वाचा, आणि तिशी ओलांडलेल्या तीन माजी विद्यार्थ्यांशी स्वतः बोला. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणतात ते बहुतेक वेळा तुमच्या नावावरचं फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. फी संस्थेला आधीच पोचते. कोर्स अर्धवट सोडलात तरी हप्ता चालू राहतो, आणि चुकला तर सिबिलवर दिसतो. फ्लॅटचं कर्ज डोक्यावर असताना ते परवडणार नाही.

एक गोष्ट तुम्ही हिशेबात धरलीच नाही. आईंना मधुमेह आहे आणि त्यांचा विमा तुमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहे. नोकरी गेली की तो संपतो. नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत त्यांना हलवता येईल का, हे एचआरला याच आठवड्यात विचारा.