मॅनिफोल्डचे जाम झालेले स्टड

प्रश्न : जुन्या डिझेल इंजिनच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे) दोन स्टड (हेडमध्ये आट्यांनी बसवलेले बिनडोक्याचे बोल्ट) जाम आहेत. तिसरा सोडवताना हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) जरा वर तुटला. ड्रिल मारू का?

उत्तर : ड्रिल अगदी शेवटी. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा, पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी तेल, डिझेल सगळं नीट पुसून मगच गॅसची ज्योत जवळ न्या. तापवायचं ते स्टडभोवतीचं हेडचं बीड (ओतीव लोखंड), स्टड नव्हे. बीड फुगलं की आट्यांची पकड ढिली होते. (हेड अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर फार जपून, ते लाल न होताच वितळतं.) पाना लावल्यावर आधी किंचित आवळा, मग सोडवा. अडलं की परत आवळा. जोर लावून ओढत राहिलात, तर हेही दोन तुटतील.

तुटलेल्या स्टडवर नट ठेवून नटच्या भोकातून वेल्डिंग करा, बॅटरी काढून. त्या उष्णतेनेच बहुतेकदा गंज सुटतो. इझी-आउट (तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून, त्यात उलटा फिरवून तो काढायचं हत्यार) मी हातात घेत नाही: तो आत मोडला, की त्या कडक पोलादात साधं ड्रिल शिरतच नाही.