सरावात वेळ बसते, मैदानात का बसत नाही?

"मॅडम, सरावाला वेळ बसते. ग्राउंडला गेलं की बसत नाही."

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य पुन्हापुन्हा ऐकू यायला लागतं. वेळ बसते म्हणजे धाव हव्या तेवढ्या सेकंदांत पूर्ण होते, आणि ग्राउंड म्हणजे भरतीची मैदानी चाचणी. कधी मुलगा एकटा येतो. कधी आई बरोबर असते आणि त्याच्या आधी तीच बोलते, "घरात वाघ, तिथं शेळी. काय झालंय ते बघा तरी." जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची मुलं जास्त. पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेनं पळणारी ही पोरं तुम्हीही गाडीच्या दिव्यात पाहिली असतील.

ज्यांच्या घरात कुणी भरती करत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. लांब धावेला 20 गुण, बाकी दोन्हींना 15-15. मुलांचा गोळा 7.260 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. मुलीनं 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत मारलं की पैकीच्या पैकी. मुलाला 1600 साठी 5 मिनिटं 10 सेकंद. त्यापुढे सेकंद वाढतील तसे गुण गळत जातात. 25 गुण पडले की माणूस पात्र, पण नुसत्या पात्रतेनं भागत नाही, कारण लेखीला एका जागेमागे दहाच जण बोलावतात. म्हणजे वर्षभर पहाटे उठून केलेल्या कष्टाचा निकाल त्या तीन मिनिटांत लागतो. घाबरायला एवढं कारण पुरेसं आहे, आणि निम्म्या मुलांच्या बाबतीत कारण एवढंच असतं.

म्हणून मी आधी साधे प्रश्न विचारते. आदल्या रात्री कुठे झोपलात? फुटपाथवर की नातेवाइकांकडे? पहाटे पोटात काय होतं? मुलींना तर मी सांगून ठेवलंय, आधी हिमोग्लोबिन तपासून या, मग मनाचं बघू. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीतल्या किती मुली नऊ-साडेनऊ हिमोग्लोबिनवर आठशे मीटर मारत असतात, ते बघून मला राग येतो. सहा महिन्यांची फी घेणाऱ्यांना एक रक्ताची तपासणी सुचू नये? असो.

आज मला सांगायचंय ते उरलेल्या निम्म्यांबद्दल.

तिला आपण सुवर्णा म्हणू. नाव, तालुका, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. वय बावीस, बारावीनंतर बाहेरून बीए, अकॅडमीत राहून सराव. तिच्या सरांनीच तिला माझ्याकडे पाठवलं. सोबत चिठ्ठी होती, त्यात तिच्या वेळा लिहिलेल्या. ती चिठ्ठी वाचूनच मी सावध झाले.

2024 च्या भरतीत तिनं दोन अर्ज भरले होते. एक सांगली जिल्हा पोलीस शिपाई, दुसरा कारागृह शिपाई. कारागृहाची आपल्याकडची भरती पश्चिम विभागातून, म्हणजे पुण्यातून. सांगलीच्या मैदानात तिनं 800 मीटर 2 मिनिटं 54 सेकंदांत मारलं. लेखीत थोडक्यात गेली, ते वेगळं. पुण्यात तेच अंतर, तेच पाय, आणि वेळ 3 मिनिटं 21 सेकंद. सरांचं म्हणणं, प्रवासाचा शीण. पण ती दोन दिवस आधीच पुण्यात मावशीकडे जाऊन राहिली होती, व्यवस्थित जेवली होती, झोपलीही होती. हिमोग्लोबिनही चांगलं, साडेबारा.

जी मुलगी मैदानाला घाबरते ती दोन्ही मैदानांना घाबरेल. एकाला घाबरते आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे गोष्ट मैदानाची नाही. हे मला पहिल्याच भेटीत कळलं होतं, पण समोरच्याला न सापडलेलं उत्तर आपण हातात ठेवण्यात काही अर्थ नसतो. सुरुवातीच्या भेटी ती फक्त दुसऱ्या फेरीबद्दल बोलत राहिली. "वळणावर पाय उचलेना. श्वास होता, मॅडम. दम लागला नव्हता. पायच उचलेना."

एके दिवशी मी विचारलं, "वेळ कळली तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं?"

"रडू आलं."

"त्याच्या आधी?"

ओढणीच्या टोकाची सुरळी करायची आणि सोडायची, असा तिचा चाळा होता. तो थांबला. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, तिच्या किका ऐकत आम्ही दोघी बसलो. मी काही बोलले नाही. या धंद्यात बोलायला सगळेच शिकतात. गप्प बसणं मात्र मला वाटतं मला बऱ्यापैकी जमतं.

"सुटले, असं वाटलं," ती म्हणाली. आणि स्वतःच दचकली.

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. इतक्या वर्षांत मी पाहिलंय, नापास होण्याची भीती माणूस चारचौघांत सांगतो. त्यात लाज नसते, उलट चार लोक पाठीवर हात ठेवतात. पास होण्याची भीती कुणी सांगत नाही. ज्या नोकरीसाठी बापानं म्हैस विकली, ती नोकरी लागली तर काय या विचारानं पोटात गोळा येतो, हे कुठल्या तोंडानं सांगणार? मग ते पाय सांगतात.

"लागली असती तर काय झालं असतं?" मी विचारलं.

"आबांना सांगावं लागलं असतं."

तिथून पुढे सगळं एका दमात आलं. कारागृहाचा अर्ज तिनं घरी सांगितलाच नव्हता. पुण्याला जाताना "पोलिसांचंच दुसरं ग्राउंड आहे" असं सांगून निघाली होती. कारण ती आठवीत असताना बांधावरून भावकीत मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं आणि आबा, म्हणजे तिचे वडील, काही आठवडे सांगलीच्या तुरुंगात कच्चे कैदी म्हणून होते. पुढे खटल्यातून निर्दोष सुटले. पण शाळेत मुलं तिला 'जेलवाल्याची' म्हणायची. घरात त्या दिवसांचा विषय पुन्हा कधीच निघाला नाही. एकदा टीव्हीवर तुरुंगाचं दृश्य लागलं तेव्हा आईनं उठून टीव्ही बंद केला होता. आणि आता हिनं अंगावर घालायची वर्दी त्याच तुरुंगाची.

"मग भरलास कशाला तो अर्ज?"

"सर म्हणाले, जागा भरपूर आहेत." खरं होतं. त्या वर्षी राज्यभरातल्या 17,471 जागांत कारागृह शिपायाच्या 1,800 होत्या.

माझी पद्धत माझ्या काही सहकाऱ्यांना पटत नाही, पण मी माणसाला घरापासून तोडून बघत नाही. मूल माझ्यासमोर खुर्चीत एकटं बसलेलं असलं तरी त्याचं घर खोलीत असतंच. मग ते खरोखर समोर बसवलेलं काय वाईट? मी म्हटलं, आबांना घेऊन ये. ती पंधरा दिवस आली नाही. मग दोघं आले.

आबा खुर्चीच्या कडेला टेकले, टोपी गुडघ्यावर. "मी भायेर बसतो की," म्हणाले. मी म्हटलं, तुमच्याशीच काम आहे. सुवर्णानं खाली बघत, तुटक तुटक, सगळं सांगितलं. अर्ज, पुणे, वळणावर न उचललेला पाय. आबांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाले, "मग येवढं लपवायचं काय हुतं त्यात?"

ती गप्प.

"वसंतदादांनी त्रेचाळीस सालात जितनं उडी मारली, त्याच जेलात मी बी हुतो. फकस्त मला काय उडी मारता आली न्हाई." आणि ते हसले. सांगलीत 24 जुलै 1943 ला गणेशदुर्गातल्या तुरुंगातून दादा निसटले, ते इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण स्वतःच्या तुरुंगवासावर बाप विनोद करतोय हे त्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असावं. ती बघतच राहिली.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. "आत एक शिपाई हुता. लई कडक. कवा कुनाला विडी दिली न्हाई. पर माज्या आईचं दुखनं वाडल्याचा निरोप आला, तवा रातच्याला बराकीपाशी यून त्यानंच सांगितला. सांगून लगेच गेला न्हाई. हुबा ऱ्हायला थोडा येळ. तसलं मानूस लागतं तितं."

"लोक म्हणतील, आधी बाप आत, आता पोरगी आत," सुवर्णा म्हणाली.

"म्हनू दे की. मी बिनपगारी हुतो, तू पगारी."

यावर मीही हसले. इतक्या भेटींत मी जे करू शकले नसते ते त्या माणसानं एका वाक्यात केलं. फक्त त्यांना या खोलीत आणणं माझं काम होतं, आणि ते मी केलं.

पुढचं सोपं होतं, म्हणून भराभर सांगते. मी तिला एक काम दिलं, कारागृह शिपाई दिवसभर नेमकं काय करतो ते शोधून लिहून आण. ओळखीतून एक निवृत्त शिपाई सापडले, त्यांच्याशी ती बोलली. बराक उघडणं, मोजणी, झडती, नातेवाईक भेटायला येतात तिथली ड्युटी, रात्रपाळी. महिला बंद्यांवर महिला कर्मचारीच असतात. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईजवळ आत राहू शकतात, हे वाचून तिला आश्चर्य वाटलं. येरवड्याला दौलतराव जाधव यांच्या नावाचं कारागृह अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण महाविद्यालय आहे, तेही तिनं लिहून आणलं होतं. मी तिला आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची गोष्ट सांगितली. औंध संस्थानानं 1939 साली तिथं बंदिवानांना कोंडून न ठेवता शेती करायला वसवलं, आणि ती खुली वसाहत आपल्याच जिल्ह्यात आहे. तिनं ते नाव ऐकलं होतं, फक्त त्याचा तुरुंगाशी संबंध आहे हे माहीत नव्हतं. आपल्या मुलांना 1600 मीटरची वेळ सेकंदात पाठ असते, पण ज्या नोकरीसाठी पळतात तिथला एक दिवस कसा जातो ते विचारलं तर गप्प. हे मला फार खटकतं. अकॅडम्यांनी आठवड्यातला एक तास यासाठी ठेवला तर माझ्याकडची गर्दी कमी होईल, आणि मला चालेल.

तिचा शेवटचा प्रश्न तुमच्यापैकीही पुष्कळांचा असतो. वडिलांवर केस होती, तर चारित्र्य पडताळणीत मी अडकेन का? पडताळणी उमेदवाराची होते. तुमच्यावर गुन्हा नोंद आहे का, अटक झाली होती का, हे तुम्हाला विचारलं जातं. बापाच्या खटल्यासाठी लेकीला अपराधी धरत नाहीत. मात्र जे विचारलंय त्याचं उत्तर खरं द्या. स्वतःवरची किरकोळ केससुद्धा दडवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या अवतार सिंग निकालाचा रोखही तोच आहे, माहिती लपवणं हीच गोष्ट अंगावर येऊ शकते. शंका असेल तर वकिलाला विचारा, अकॅडमीतल्या सीनियरला नको.

सुवर्णासारखीच बाकीची उदाहरणं वेगवेगळ्या चेहऱ्यांनी येतात. एका मुलाचा थोरला भाऊ चार भरत्या करून वयात बाद झाला होता, आपण लागलो तर दादा घरात कसा वावरेल या विचारानं हा गोळा टाकताना हात आखडायचा. एकाचं लग्न भरतीवर अडलं होतं आणि मुलगी त्याला पसंत नव्हती. म्हणून वेळ बसत नसेल तर स्टॉपवॉच बाजूला ठेवून एकदा स्वतःला विचारा, लागलो तर दुसऱ्या दिवशी घरात काय बदलेल? उत्तर देताना जीभ अडखळली तर तिथंच थांबा आणि कुणाशी तरी बोला. जवळ कुणी नसेल तर टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. ग्राउंडच्या आधी कुणी 'ताकदीचं' इंजेक्शन देऊ केलं तर मात्र थेट नाही म्हणा, त्यावर विचार करायचीसुद्धा गरज नाही.

आणि आईवडिलांनो, आदल्या रात्री फोन करून "आपलं सगळं तुझ्यावर आहे" असं म्हणू नका. त्याला ते माहीत असतं. म्हणून तर तो पळतोय.

सुवर्णानं 2025 च्या नव्या भरतीतही कारागृहाचा अर्ज भरलाय, या वेळी घरात सगळ्यांसमोर, आबांच्या मोबाइलवर ओटीपी घेऊन. जागा मात्र कमी आहेत. राज्यातल्या 15,631 पैकी कारागृह शिपायाच्या 580. सरावात ती 2 मिनिटं 47 सेकंदांवर आली आहे. मेरिट कुठे थांबेल ते मला सांगता येणार नाही, तिच्या सरांनाही नाही. पण आबा पूर्वी रोज रात्री फोनवर "येळ किती आली?" विचारायचे, ते आता "जेवलीस का?" विचारतात, आणि त्याचं थोडं श्रेय मी स्वतःकडे घेते.