चक्रीय, वलयी की बंद साखळीचा?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या एका शिक्षिकांनी विचारलंय: सायक्लिक पॉलिमरवर, म्हणजे दोन्ही टोकं जुळून कडं झालेल्या लांब साखळी-रेणूवर, मराठीत टिपण करताना ‘चक्रीय’ लिहावं की ‘वलयी’, आणि त्याच्या ‘मॉडिफिकेशन’ला ‘सुधारणा’ म्हटलं तर चालेल का?

बाई, ‘वलयी’नं इथं हमखास घोटाळा होतो. पॉलिस्टायरीनच्या साध्या साखळीतही प्रत्येक घटकावर बेंझिनचं वलय असतंच. वलयं शेकड्यांनी, पण साखळी उघडी! ‘चक्रीय’ म्हटलं की आवर्तनाचा अर्थ डोकावतो. त्यापेक्षा ‘बंद साखळीचा पॉलिमर’ लिहा. टोकं नाहीत, हे त्यात लगेच कळतं.

ती टोकं कशी जुळवतात तेही टिपणात यायला हवं. लॉरेंट आणि ग्रेसन या रसायनशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलेली रीत अशी: साखळीच्या एका टोकाला अल्काइन (कार्बन-कार्बन तिहेरी बंधाचा गट) असतो, दुसऱ्या टोकाच्या ब्रोमिनच्या जागी सोडियम अझाइड वापरून अझाइड (तीन नायट्रोजनांचा गट) आणायचा; हे दोन गट एकमेकांना जुळतात. मग हे द्रावण तांब्याच्या उत्प्रेरकात पंपानं अगदी सावकाश सोडायचं. घाई केली की भांड्यात मोकळी टोकं वाढतात, एका साखळीचं टोक दुसरीला लागतं आणि लांब उघडी साखळी तयार होते. ज्यांचं ब्रोमिन आधीच गेलं, त्या साखळ्या बंद होतच नाहीत. अवरक्त वर्णपटात अझाइडची २१०० प्रति सेंटिमीटरच्या आसपासची खूण जाते, पण तेवढ्यावर विसंबू नये. टोकाला दुसरीचं टोक लागलं तरी ती घटते. बंद साखळीचं वस्तुमान पूर्वीइतकंच राहतं, आकार मात्र आटोपशीर होतो, म्हणून रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलच्या स्तंभातून, जिथं मोठे आधी निघतात, ती उशिरा बाहेर पडते. खरी साक्ष ही.

‘सुधारणा’ नको. ‘रासायनिक फेरफार’ लिहा. उताऱ्यावर फेरफार झाला तरी जमीन तीच राहते, तशी इथं बंद साखळी तीच राहून तिच्यावर नवा गट बसतो. एका जागी हायड्रॉक्सिल (OH गट) राखून ठेवला, तर तिथं सरळ साखळी जोडून बेडूकमाशासारखा रेणू होतो. उघड्या साखळ्या आधी वेगळ्या काढल्या नाहीत, तर शेपटी त्यांनाही लागते.

दोन बंद साखळ्या एका बिंदूत जोडल्या की ‘फिगर-एट’. तिथं नुसतं ‘आठचा आकार’ लिहू नका. आपला ८ उघडा, आणि आपल्याकडच्या पाट्यांवरचा कन्नड आठही दोन बंद कड्यांचा नाही. ‘इंग्रजी आठ’ असं स्पष्ट लिहा. मधून दांडा गेलेल्या आकाराला ‘थीटा’च राहू द्या, ते अक्षर मुलं गणिताच्या वहीत रोज लिहितात.