देवाच्या अधीन राहायचं म्हणजे सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न असा: बीड जिल्ह्यात शेती आहे, दोन वर्षांपासून चर्चला जाता, पाळकसाहेब "देवाच्या अधीन राहा" म्हणतात. पण बोअर घ्यायचा का, हेसुद्धा त्यांनाच विचारायचं का?

बोअरचं शेवटी बघू. आपल्याकडे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात, देवाची इच्छा कळावी म्हणून खूण शोधत बसतात. जे आधीच स्पष्ट लिहिलंय ते मात्र तसंच राहतं. बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात, ४:७ मध्ये, 'अधीन व्हा' आहे, तिथला मूळ ग्रीक शब्द हाताखाली, नेमून दिलेल्या जागी उभं राहण्याचा आहे. हुकूम सोयीचा आहे का, हे बघून मग जागा घ्यायची नसते.

सुरुवात मजुरीपासून करा. अनुवाद २४:१४-१५ सांगतं की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या. खुरपणीचे पैसे बाजाराच्या दिवशी द्यायचे ठरले असतील तर त्या दिवशी, बाया बाजारात जायच्या आधी द्या. "पुढच्या बाजारी बघू" म्हणालात की आज्ञा मोडली. हे अडतं कुठे? पैसे नसतात म्हणून फार कमी वेळा. पेरणीच्या खर्चात खत आणि बियाणं धरलेलं असतं, मजुरी धरलेलीच नसते. म्हणून आधी मजुरी बाजूला काढा आणि उरलेल्यात खत बसवा. सालगडी असेल तर पाडव्याला हिशेब त्याच्यासमोर, वहीत. उचल वजा करताना त्याला वाचून दाखवा.

मग माप. कापसावर पाणी मारून वजन वाढवणं याला आपण 'मापात पाप' म्हणतोच. लेवीय १९:३५-३६ तेच सांगतं. त्याच अध्यायात, ९ आणि १० व्या वचनांत, सरवा गरिबांसाठी सोडा असं आहे. सोयाबीन निघाल्यावर रानात शेंगा वेचायला आलेल्या बाईला हाकलू नका, इतका साधा त्याचा अर्थ.

रोजची रीत अशी ठेवा. मार्कचं शुभवर्तमान घ्या, १६ अध्याय आहेत. रोज एकच प्रसंग, पंधरा मिनिटं. यात मला काही आज्ञा आहे का, एवढंच विचारा. असेल तर वहीत माणूस, काम आणि वेळ लिहा. "सगळ्यांवर प्रेम करीन" हे लिहिणं फुकट. "बांधावरून धाकट्या भावाशी अबोला आहे, आज दिवेलागणीला त्याच्याकडे जाईन" हे चालेल. मत्तय ५:२३-२४ अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगतं. तिथे गेल्यावर फक्त आपली चूक बोला. "पण तू पण..." हे शब्द आले की समेट संपला, भांडण सुरू. मोजणीत त्याची दोन हात जमीन तुमच्याकडे निघाली तर ती सोडा. नुसत्या माफीने बांध सरकत नाही.

इथे आपल्या मातीतला एक घोटाळा होतो. "देवा, पाऊस पाड, मग मी नियमित येईन" हा नवस झाला. त्यात अटी आपण घालतो. पाऊस नाही आला तर रडा, तक्रारही करा. स्तोत्र १३ "किती वेळ?" असंच विचारतं. अधीन राहणं म्हणजे तोंड दाबून बसणं नव्हे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांना फडावर रविवार मिळत नाही, खाडा पडला की पैसे कापले जातात. त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, रात्री दोन-चार कुटुंबांनी मिळून एक वचन वाचलं, प्रार्थना केली, तरी उपासना झाली.

आता पाळकांचा अधिकार. वचन शिकवणं, चूक दाखवणं हे त्यांचं काम. १ पेत्र ५:३ त्यांना कळपावर धनीपणा करायला मना करतं. "गोळ्या बंद कर, विश्वास ठेव" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. दुखणाईतांना वैद्य लागतो, हे येशूचेच शब्द आहेत. घरात मार खाणाऱ्या बाईला 'अधीन राहा' सांगणारे इफिस ५:२२ वाचतात; 'एकमेकांच्या अधीन राहा' म्हणणारं २१ आणि 'नवऱ्यांनो, बायकांवर प्रेम करा' म्हणणारं २५ गाळतात. तिने १८१ वर फोन करावा. त्याने देवाचा अधिकार मोडत नाही.

आणि बोअर. बायबलमध्ये त्याची जागा सापडणार नाही, मध्येच उघडून बोट ठेवलं तरीही. शेजारच्या बोअरला मे महिन्यात किती पाणी असतं ते विचारा, कर्ज काढणार असाल तर आधी बायकोशी बोला, मग याकोब ४:१५ प्रमाणे "प्रभूची इच्छा असेल तर" म्हणून ठरवा. फक्त एक: ६० मीटरपेक्षा खोल जाण्यावर राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात निर्बंध आहेत. गाडीवाला "कोण बघतंय" म्हणेल. सरकारी अधिकाऱ्यांच्या अधीन राहा सांगणारं रोमकरांस १३ तिथे लागू होतं.