ब्लूज या अमेरिकन संगीतप्रकारातला गिटारवादक स्टीव्ही रे वॉन याच्या ‘टेक्सास फ्लड’ अल्बममधली निम्मी गाणी दुसऱ्यांची आहेत. मग त्याला एवढं थोर का मानतात?

निम्मी नाहीत हो. १९८३ च्या त्या अल्बममध्ये दहा गाणी आहेत, त्यातली चार दुसऱ्यांची. पण शंका रास्त आहे. कॉलेजात असताना मीही हेच म्हणायचो. आता मात्र मला त्यातलं सगळ्यात स्टीव्हीचं वाटणारं गाणं नेमकं उसनं आहे.

अल्बमला ज्याचं नाव दिलंय तेच घ्या. लॅरी डेव्हिसने ते १९५८ साली रेकॉर्ड केलं होतं, गिटारवर होता फेंटन रॉबिन्सन. आधी ते ऐका आणि लगेच स्टीव्हीचं लावा. चाल तीच, शब्द तेच, सुरुवातीच्या गिटारीच्या जागाही ओळखीच्या. पण जुनं गाणं एका छोट्या तबकडीपुरतं. स्टीव्ही पाच मिनिटांच्या वर जातो. मधल्या सोलोत एकेक सूर ओढून धरतो, सोडेल सोडेल वाटतं आणि सोडतच नाही. ख्याल गाणाऱ्याला आपण विचारतो का, बंदिश तुमची आहे का म्हणून?

आता त्याची ‘स्वतःची’ बघा. ‘प्राइड अँड जॉय’ आणि ‘आय एम क्रायिन’ लागोपाठ ऐकलीत तर गालात हसाल. सांगाडा जवळजवळ एकच. एकात प्रेयसीचं कौतुक, दुसऱ्यात तिच्या नावाने रडणं. ‘रूड मूड’ तर जुना ब्लूजवाला लायटनिन हॉपकिन्स याच्या एका चिजेवरून बेतलेलं. उलट ‘मेरी हॅड अ लिटल लँब’ ब्लूज गिटारवादक बडी गाय याच्याकडून घेतलेलं, म्हणजे बालवाडीतलं कोकरू आधीच एकदा ब्लूजमध्ये न्हाऊन आलेलं.

उसनी गाणी का, याचं साधं कारण म्हणजे हा अल्बम ठरवून केलेलाच नव्हता. जुलै १९८२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोच्या संगीत महोत्सवात स्टीव्ही आणि त्याच्या दोन साथीदारांची हुर्यो उडाली, पण तिथेच गायक जॅक्सन ब्राउनने त्यांना ऐकलं आणि लॉस एंजेलिसमधला आपला स्टुडिओ फुकट देऊ केला. नोव्हेंबरमध्ये दोन-तीन दिवसांत, बासवर टॉमी शॅनन आणि ड्रमवर क्रिस लेटन यांना घेऊन, क्लबात रोज वाजवायचे तेच स्टीव्हीने वाजवलं. डेमो म्हणून, म्हणजे नमुन्यादाखल केलेली ती टेप निर्माता जॉन हॅमंडपर्यंत पोचली आणि एपिक या रेकॉर्ड कंपनीने अल्बम काढला. क्लबात कोणतं गाणं कोणाचं हे कोण मोजतं?

आणि तो आवाज कॉपी करून बघाच. बहुतेक लोक पहिली तार ०.००९ किंवा ०.०१० इंचाची लावतात, तो ०.०१३ ची लावायचा आणि गिटार अर्धा सूर उतरवून ठेवायचा. मी हौसेने त्या जाड तारा चढवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बोटाला फोड, चौथ्या दिवशी तारा परत डब्यात. त्याची बोटं फाटायची तेव्हा तो सुपरग्लू लावून वाजवायचा म्हणतात.

पहिल्यांदाच ऐकत असाल तर शेवटचं ‘लेनी’ आधी लावा. बायकोच्या नावाचं आहे, शब्द एकही नाही, आणि ते मात्र कोणाकडूनच घेतलेलं वाटत नाही.