मधलं नाव

चि. रेवा,

परवा गाडीतून उतरता उतरता तू विचारलंस, "बाबा, माझ्या नावात तुझं नाव कशाला?" शाळेच्या सर्टिफिकेटवर आडनाव गळलं होतं, नुसतं 'रेवा मिलिंद' छापलं होतं, आणि नव्या शिक्षकांनी तुला दिवसभर 'मिस मिलिंद' म्हणून हाका मारल्या. मागून हॉर्न वाजत होते म्हणून मी "नंतर सांगतो" म्हणालो. तर हे ते 'नंतर'.

आपल्याकडे मधलं नाव हे खरं तर नाव नसतंच. ती षष्ठी असते, फक्त प्रत्यय गळालेला. रेवा, मिलिंदची. गावी पारावरचे म्हातारे तुझं नाव विचारतात का? ते विचारतात, "कुणाची गं तू?" एकदा "मिलिंदाची" म्हटलं की घर कुठलं, विहीर कुठली, बांधावरून भांडण कुणाशी, सगळं त्यांना समजतं. मागच्या खेपेला तू "मी माझीच" असं उत्तर दिलंस, ते अजून एकमेकांना सांगून हसतात.

आता तुझ्या वर्गातल्या त्या ग्रीक मैत्रिणीला विचार. त्यांच्यात बाप पापादोपुलोस असेल तर मुलगी पापादोपुलू. तो शेवटचा 'ऊ' म्हणजे आपला चा-ची-चे. जुन्या अथेन्समध्ये तर बापाचं नाव सरळ षष्ठीतच लावायचे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात तिथे एक मोठा विनोदी नाटककार होऊन गेला, मेनांद्रोस दिओपेइथूस, म्हणजे दिओपेइथेसचा मेनांद्रोस. शंभरावर नाटकं लिहिली त्याने. जवळजवळ पूर्ण असं त्यातलं एकच हाती लागलंय, तेही इजिप्तमधल्या पपायरसवर, आणि ते छापलं गेलं १९५८ साली. त्यात एक खडूस म्हातारा आहे. आपल्या वरच्या मजल्यावरचे आजोबा डोळ्यांसमोर आण, झालं!

हा नाटककार मुद्दाम काढला, कारण माझं नाव त्याचंच आहे. मिलिंद म्हणजे मेनांद्रोस. नावाच्या शेवटी जो 'आंद्रोस' आहे, तोच अलेक्झांडरमध्ये आणि अँड्र्यूमध्येही आहे. त्याचं मूळ रूप 'आनेर', म्हणजे पुरुष, आणि आपला 'नर' त्याचा सख्खा भाऊ. नावाचा सुरुवातीचा भाग 'ठाण मांडून राहणे' या अर्थाचा, असं धरतात. थोडक्यात, जागचा न हलणारा गडी. यावर तुझी आई काय म्हणेल ते मला ठाऊक आहे.

हे ग्रीक नाव आपल्याकडे आलं एका राजामुळे. अलेक्झांडरनंतर बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानाच्या बाजूला, ग्रीक राजे टिकून होते. त्यांच्यातला मेनांद्रोस इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पंजाबपर्यंत राज्य करत होता. राजधानी सागल, म्हणजे बहुधा आजचं सियालकोट. त्याच्या चांदीच्या नाण्याचा फोटो तुला दाखवीन. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं : 'बासिलेओस सोतेरोस मेनांद्रू'. दुसऱ्या बाजूला वज्र फेकणारी ग्रीक देवी अथेना आणि खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. तारणहार महाराज मेनांद्रोसचं. बघ, दोन्हीकडे षष्ठीच! नाणंसुद्धा 'कुणाचं?' याचंच उत्तर देतंय. राजा जाऊन दोनेकशे वर्षं झाली तरी ही नाणी भडोचच्या बाजारात चालत होती, असं एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय. त्याच पुस्तकात आपलं कल्याण आणि पैठणही आहे.

पाली भाषेच्या तोंडात मेनांद्रोसचा झाला मिलिंद. 'मिलिंदपञ्ह' हा ग्रंथ म्हणजे या राजाचे प्रश्न आणि नागसेन नावाच्या भिक्खूची उत्तरं, आणि त्यांच्या संवादाची सुरुवात तुझ्यासारख्याच नावाच्या प्रश्नाने होते. राजा विचारतो, आपलं नाव काय? भिक्खू म्हणतो, लोक मला नागसेन म्हणतात. आईबाप कुणाला नागसेन म्हणतात, कुणाला शूरसेन, वीरसेन, सिंहसेन. पण ती नुसती हाक आहे, त्या नावाचा कुणी आत सापडत नाही. राजा चक्रावतो. मग केस म्हणजे नागसेन का? नखं? दात? नागसेन उलट विचारतो, महाराज, आपण रथातून आलात ना? मग आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो, आणि अडकतो. मला हा राजा आवडतो तो एवढ्यासाठी की अडकला ते त्याने कबूल केलं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढलं त्याला मिलिंद महाविद्यालय नाव दिलं. तो सगळा परिसर नागसेनवन. तुझे आजोबा तिथे शिकले. म्हणून मी मिलिंद. आजी मात्र हे मानत नाही. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगाही होतो, आणि ती म्हणते की पाळण्यात मी सारखा गुणगुणत होतो म्हणून आत्याने कानात 'कुर्र' करून तेच नाव सांगितलं. बाराव्या दिवशी कुठलं मूल गुणगुणतं, हे तिला अजून कुणी विचारलेलं नाही.

राहिलं तुझं म्हणणं, की बापाचंच नाव का? याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. सातवाहनांचा गौतमीपुत्र सातकर्णी आईच्याच नावाने ओळखला जातो. महाराष्ट्र सरकारनेही १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव लावायचं ठरवलंय. तू आधीची, म्हणून सुटलीस. किंवा अडकलीस.

नवं सर्टिफिकेट मिळणार आहे. फॉर्म फ्रिजवर लावलाय, मधल्या नावाला एकच रकाना आहे आणि मी तो कोरा ठेवलाय. आई आणि तू मिळून भरा. सोमवारी द्यायचाय.

तुझा,
बाबा